हाफ झाली, आता फुल? मधल्या २१ किलोमीटरचा इतिहास

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. पिंप्राळ्यातलेच एक ओळखीचे पेशंट आत आले आणि बसायच्या आधी खिशातून मेडल काढून टेबलावर ठेवलं. वय ४७, किराणा दुकान, दोन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू. आदल्याच रविवारी त्यांनी आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन पूर्ण केली होती. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

"डॉक्टर साहेब, २१ किलोमीटर झाले. पाय दुखले, पण दोन दिवसांत बरा झालो. आता दीड-दोन महिन्यांनी फुल मारून टाकतो. अर्धं तर झालंच आहे ना?"

मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस दवाखान्याचा जिना चढताना धापा टाकत होता. पण "अर्धं तर झालंच आहे" या वाक्यापाशी मला थांबावं लागलं. मेहरूण तलावावर पहाटे धावणाऱ्या अनेकांकडून मी हे वाक्य ऐकलं आहे. फुल मॅरेथॉन म्हणजे दोन हाफ, हे गणित कागदावर बरोबर आहे. शरीरात मात्र ते लागू पडत नाही. का लागू पडत नाही, हे डॉक्टरांनाही एका दिवसात कळलं नाही. ते कळायला शंभरेक वर्षं लागली आणि त्या काळात काही धावपटूंनी जीव गमावले. म्हणून आज ट्रेनिंगचा तक्ता देण्याआधी हा इतिहास सांगतो. तो कळला की तक्त्यातल्या सूचना जाचक वाटत नाहीत.

पुण्याचा रस्ता आणि बेळगावचा धावपटू

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावायला आलेली बरीचशी मुलं शेतकरी घरातली होती. साधं खाणं, शास्त्रशुद्ध सराव नाही, आणि पायात बूटही नाहीत. तरीही जवळपास २५ मैलांची लांब शर्यत त्यांनी खडीच्या कडक रस्त्यावर अनवाणी धावून काढली. पहिल्या काही जणांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी आहे, हे दोराबजींच्या लक्षात आलं. या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मुंबईहून बोटीने इंग्लंड, तिथे काही आठवडे सराव आणि मग बेल्जियम. मॅरेथॉनमध्ये चौगुले १९वे आले. त्यांची वेळ होती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षीचा मार्ग आजच्यापेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनन यांनी तो २ तास ३२ मिनिटांत जिंकला. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मातीतला एक तरुण जगात १९वा येतो, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण डॉक्टर म्हणून मला यात दुसरीही एक गोष्ट दिसते. दोराबजींना दिसलेल्या त्या मुलांचं 'ट्रेनिंग' झालंच नव्हतं, असं म्हणता येणार नाही. शेतात राबणं आणि मैलोन् मैल पायी जाणं, हे त्यांचं लहानपणापासून चालू होतं. त्यांची हाडं, स्नायूंच्या नसा आणि टाचा वर्षानुवर्षं तयार होत आल्या होत्या. दुकानात गल्ल्यावर किंवा ऑफिसात खुर्चीवर वीस वर्षं बसलेल्या आपल्या शरीराकडे ही शिदोरी नसते. ती नव्याने बांधावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

४२.१९५ हा आकडा कुठून आला?

अनेकांना वाटतं, माणूस किती धावू शकतो याचा अभ्यास करून हे अंतर ठरवलं असेल. तसं काही नाही. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. ती ग्रीसच्या स्पिरिडॉन लुईस यांनी जिंकली. पुढे प्रत्येक ऑलिंपिकमध्ये अंतर थोडं बदलत राहिलं. १९०८ मध्ये लंडनला शर्यत विंडसर राजवाड्याच्या आवारातून सुरू झाली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपली. ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये जागतिक संघटनेने तोच आकडा कायम केला.

त्याच लंडनच्या शर्यतीत इटलीचे दोरांदो पिएत्री सगळ्यात आधी स्टेडियममध्ये आले. पण शेवटच्या काही शे मीटरमध्ये ते दिशा चुकले, पुन्हा पुन्हा कोसळले. अधिकाऱ्यांनी आधार देऊन त्यांना रेषेपार नेलं आणि त्याच कारणाने ते बाद झाले. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेज यांना मिळालं.

म्हणजे हे अंतर राजघराण्याच्या सोयीने ठरलं, आणि योगायोग असा की ते आपल्या शरीरातल्या साठ्यापेक्षा बरंच जास्त भरलं. हाफ मॅरेथॉनचं तसं नाही. हे कसं, ते पुढे साखरेच्या भागात पाहू. त्याआधी पाणी.

पाणी: आधी फार कमी, मग फार जास्त

१९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. कडक ऊन आणि धुळीचा रस्ता. पाणी मात्र मुद्दाम फार थोड्या ठिकाणी ठेवलं होतं, कारण पाण्याशिवाय शरीर कसं चालतं हे आयोजकांना पाहायचं होतं. ३२ जण धावले, १४ जणच पोचले. विजेते थॉमस हिक्स यांना वाटेत ब्रँडी, अंड्याचं पांढरं आणि चक्क स्ट्रिकनिन दिलं गेलं. स्ट्रिकनिन हे विष आहे. त्या काळात ते थोड्या प्रमाणात उत्तेजक म्हणून वापरत. हिक्स भ्रमात बडबडत, दोन्ही बाजूंनी आधार घेत पोचले.

१९१२ मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो भर उन्हात धावताना साधारण ३० किलोमीटरजवळ कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी अंगाला चरबीसारखा लेप लावला होता, असं सांगितलं जातं. घाम बाहेर पडून वाळला तरच शरीर थंड होतं. तो मार्गच बंद झाला तर शरीर आतून तापत राहतं. आपल्या जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मॉइश्चरायझर लावायला हरकत नाही. पण घाम येऊन वजन उतरावं म्हणून प्लॅस्टिकचं जॅकेट घालून धावणारे मी इथे पाहिले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की लाझारो यांची गोष्ट लक्षात ठेवा.

नंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. "तहान लागायच्या आधीच प्या, जितकं जमेल तितकं प्या," असा सल्ला रूढ झाला. मग १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी वेगळेच रुग्ण नोंदवले. त्यांना पाणी कमी पडलेलं नव्हतं. उलट पाणी जास्त झाल्याने त्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलं होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धावून वजन वाढलेल्यांमध्ये आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांमध्ये हा धोका अधिक होता. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली.

हे आपल्याला का लागू पडतं? कारण हाफ आपण सव्वादोन-अडीच तासांत संपवतो. फुलला आपल्यासारख्या हौशी माणसाला पाच-साडेपाच तास लागतात. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी रिचवलं तर एवढ्या वेळात गडबड होऊ शकते. म्हणून तहान लागेल तसं, घोट घोट प्या. लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. थोडं घटलेलं चालेल, वाढलेलं चालणार नाही. धावून झाल्यावर डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात न्या.

साखर: टाकी किती लिटरची?

१९२४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंची रक्तातली साखर मोजली. जे गलितगात्र होऊन आले होते, थरथरत होते, ज्यांना धड बोलता येत नव्हतं, त्यांची साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय जेवण आणि धावताना गोळ्या-चॉकलेटसारखं गोड खायला सांगितलं. तेव्हा साखर टिकली आणि माणसंही चांगल्या अवस्थेत पोचली. मॅरेथॉनच्या वाटेवर खायचं असतं, हे अशा साध्या प्रयोगातून पुढे आलं.

१९६० च्या दशकात स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि हल्टमन यांनी सुईने स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेन नावाच्या साठ्याच्या रूपात असते, धावताना तो संपत जातो आणि तो संपला की माणूस थकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आपलं गणित करू. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवतात, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. धावायला दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला हाफसाठी सुमारे १५०० कॅलरी लागतात आणि फुलसाठी जवळपास ३०००. हाफ आपल्या टाकीत बसते, फुल बसत नाही. काही भाग चरबीतून भागतो, म्हणून गाडी एकदम बंद पडत नाही. पण ३० किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात. धावणारे त्याला 'भिंत' म्हणतात. हाफ धावणाऱ्याने ही भिंत पाहिलेलीच नसते, म्हणून त्याला वाटतं अर्धं काम झालं.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे महिनोन् महिने सराव करून शरीराला चरबी जास्त वापरायला शिकवणं. दुसरा म्हणजे वाटेत खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पुरतात. आपण तर केळ्यांच्या जिल्ह्यात राहतो! एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक ते दोन केळी. महागड्या जेलवाचून अडत नाही. पण सरावात खाऊन पाहिल्याशिवाय शर्यतीच्या दिवशी काहीही नवीन खाऊ नका. आणि आदल्या रात्री शेवभाजीचा तिखट रस्सा नको. त्या दिवशी साधी खिचडी चांगली.

मधुमेह असलेल्यांसाठी खास सूचना: इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लांब धावताना साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डोस डॉक्टरांना विचारून बदला, स्वतःच्या मनाने नको.

हळू धावण्याचा शोध

सरावाची समजही हळूहळूच आली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंना, अगदी ८०० मीटरवाल्यांनाही, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत निवांत वेगात धावायला लावलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी दोन सुवर्ण आणि मॅरेथॉनचं कांस्य जिंकलं. त्यांचं सूत्र सोपं होतं: आधी पाया, मग वेग. पुढे त्यांनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन माणसांनाही हळू पळायला शिकवलं, त्यात हृदयविकाराचे रुग्णही होते.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांचा प्रवास पाहा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, अनेक वर्षं रस्त्यावरच्या शर्यती आणि हाफ, आणि मग २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण आणि रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. डोंगरपाड्यात वाढलेली, रोज सराव करणारी खेळाडूही मॅरेथॉनपर्यंत पायरी पायरीने आली.

याला शारीरिक कारण आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, सांध्यांचे बंध आणि टाचेची नस यांना महिने लागतात. म्हणजे दम पुरतो, पण पाय तयार नसतात. नडगीच्या हाडाला बारीक तडा, टाचदुखी, गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या धावपटूंमध्ये बरेच जण 'दम आहे म्हणून' अंतर वाढवलेले असतात.

"धावणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही"

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९७० च्या दशकात अमेरिकेतले एक डॉक्टर टॉम बॅस्लर यांनी ठामपणे मांडलं की मॅरेथॉन धावणाऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद होऊच शकत नाहीत. लोकांना हे आवडलं. पण लवकरच असे धावपटू सापडले ज्यांच्या रक्तवाहिन्यांत अडथळे होते. १९८४ मध्ये जिम फिक्स यांचा धावतानाच मृत्यू झाला. अमेरिकेला पळायला लावणाऱ्या लोकप्रिय पुस्तकाचे हे लेखक ५२ वर्षांचे होते. शवविच्छेदनात रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात बंद आढळल्या. त्यांच्या वडिलांना ३५ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते.

याचा अर्थ धावणं वाईट, असा नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या दहा वर्षांतल्या १ कोटी ९ लाख धावपटूंची नोंद पाहिली. त्यात शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर हृदय बंद पडण्याच्या फक्त ५९ घटना होत्या. धोका अगदी कमी आहे. पण हाफमध्ये तो दहा लाखांत सुमारे ३ होता आणि फुलमध्ये सुमारे १०. म्हणजे अंतर दुप्पट, धोका तिपटीहून जास्त. बहुतेकांना आधीपासूनच हृदयाचा आजार होता, जो कुणाला माहीत नव्हता. आणि जे वाचले त्यांत शेजारच्या माणसाने लगेच छातीवर दाब देऊन सीपीआर सुरू करण्याचा मोठा वाटा होता. तुमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने सीपीआर शिकून घ्या.

मी आमच्या पेशंटना विचारलं, "भाऊ, घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "वडील ५१ व्या वर्षी गेले, अटॅकने. पण ते बिडी ओढायचे. मी तर धावतो."

तीन वर्षांत हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मीही नीट खोदून विचारलं नव्हतं. चूक दोघांची. लिपिड तपासलं, ईसीजी, टूडी इको आणि टीएमटी केली. कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं, बीपीही एका गोळीत पुरतं आटोक्यात नव्हतं. टीएमटी नॉर्मल आली. पण नॉर्मल टीएमटी म्हणजे गॅरंटी कार्ड नाही, हेही त्यांना सांगितलं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त दम लागणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर त्याच पावलावर थांबायचं. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

मग फुल धावायची की नाही?

धावायची, पण दीड महिन्यात नाही. हाफ नीट झाली असेल तर पुढचे किमान पाच-सहा महिने द्या:

- पहिले दोन-तीन आठवडे विश्रांती आणि हलकं चालणं-धावणं.
- त्यानंतर १६ ते २० आठवड्यांचा सराव. आठवड्यात चार दिवस धावणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम.
- आठवड्यातून एकच लांब धाव. ती दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करा. ३० ते ३२ किलोमीटरच्या पुढे सरावात जायची गरज नाही.
- बहुतेक धावणं इतक्या वेगाने, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.
- शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणा.
- उन्हाळ्यात सूर्योदयाआधी संपवा. अचानक तापमान वाढलं तर शरीराला जुळवून घ्यायला १० ते १४ दिवस द्या.
- धावण्याआधी किंवा धावताना दुखण्याची गोळी घेऊ नका. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना या गोळ्या किडनीला इजा करू शकतात.
- ताप, जुलाब, सर्दी-खोकला छातीत उतरलेला असेल तर त्या दिवशी धावू नका.
- वय ४० च्या पुढे, बीपी, शुगर, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर आधी तपासणी, मग नोंदणी.

आमच्या पेशंटना हे सगळं सांगितल्यावर ते जरा हिरमुसले. मग मी त्यांना मुक्ताईच्या पालखीची आठवण करून दिली. आपल्या मुक्ताईनगरहून निघालेली पालखी आषाढी एकादशीला पंढरपूरला पोचते, त्याला महिनाभर लागतो. इथे पिंप्राळ्यात आपण त्याच एकादशीला रथ ओढतो, तेव्हा ते वारकरी तिथे पोचलेले असतात. इतकं अंतर पायी जाणारी माणसं पहिल्या दिवशी दुप्पट चालत नाहीत. रोजचा मुक्काम ठरलेला असतो.

ते हसले. मेडल उचलून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे पुढच्या हिवाळ्यात, साहेब."

आता त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी नियमित चालू आहे, बीपी आटोक्यात आहे. दर रविवारी पहाटे ते मेहरूणला दिसतात. पूर्वीपेक्षा हळू धावतात, आणि धावता धावता शेजारच्याशी गप्पा मारतात. मागच्या महिन्यात त्यांनी त्यांच्या ग्रुपमधल्या आणखी तिघांना तपासणीला आणलं. त्या तिघांनाही मी पहिला प्रश्न वडिलांबद्दलच विचारला.